बिल कोण भरतंय?

समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टात घडणारा एखादा हलकाफुलका प्रेमपट बघायला चारचौघं बसली, की त्यांत एक जण असा असतोच, ज्याचं लक्ष नायिकेकडे नसतं, नायकाकडे नसतं, समुद्राकडे तर नसतंच. तो खोलीचं भाडं शोधत असतो. आमच्या इमारतीत हा मान तळमजल्यावरच्या काकांचा. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले; पण कर्ज विभाग त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नाही.

पडद्यावर सूर्य बुडत असतो, त्याने तिचा हात हातात घेतलेला असतो, व्हायोलिनं सुरू झालेली असतात आणि काका विचारतात, "हे नाश्ता धरून आहे का गं?" काकू उत्तर देत नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हे त्यांना पक्कं कळलंय.

नायक काय करतो, याच्याशी काकांना देणंघेणं नसतं. तो इथे आलाच कसा, हा त्यांचा मुद्दा. "दोन आठवडे झाले, पठ्ठ्या इथेच. किरकोळ रजा एवढी सलग मिळत नाही. हक्काची म्हणावी, तर मंजूर कोणी केली?" मग बॅगेचा विषय. विमानातून उतरताना खांद्याला एक छोटी पिशवी होती, त्यातून आत्तापर्यंत अकरा शर्ट निघाले, आणि सगळे इस्त्रीचे. रिसॉर्टात इस्त्रीला नगामागे काय घेतात, याची कल्पना आहे का कुणाला? आम्हाला नसते. काकांना असते.

काकांनीही रिसॉर्ट पाहिलेत. एलएफसीवर, म्हणजे बँकेच्या प्रवास-सवलतीवर, अर्धा हिंदुस्थान झाला, बँकेची हॉलिडे होम झाली, गणपतीपुळे आणि तारकर्लीला एमटीडीसीत राहून झालं. सोबत दशम्या, चटणी आणि पाणी तापवायची कॉइल. सकाळी दहाला खोली सोडायची म्हणजे पावणेदहाला बॅगा दाराबाहेर. म्हणून नायक उन्हं डोक्यावर आल्यावर आळस देत उठला, की त्यांना बघवत नाही. "अरे, जादा दिवसाचं लावतील!" ते पडद्याला ओरडून सांगतात.

हिंदी प्रेमपटांतला गोवा त्यांना फारसा पटत नाही, अपवाद दोनच. पहिला २००७ चा 'हनिमून ट्रॅव्हल्स प्रा. लि.': सहा जोडपी, एकच बस. मधुचंद्राला जावं तर असं, ग्रुपने. दुसरा २००१ चा 'दिल चाहता है'. तो मैत्रीसाठी नव्हे आणि त्यातल्या किल्ल्यासाठीही नव्हे. त्यात समीर गोव्यात एका परदेशी मुलीच्या प्रेमात पडतो आणि ती त्याला लुटून पसार होते. किनाऱ्यावरचं हे एकच प्रेमप्रकरण काकांच्या ताळेबंदात चोख बसतं.

'फरगेटिंग सारा मार्शल'ने मात्र त्यांची झोप उडवली होती. २००८ चा सिनेमा. प्रेमभंग झालेला नायक बुकिंग न करता हवाईतल्या रिसॉर्टात थडकतो. स्वागतकक्षातली मुलगी दया येऊन त्याला एक भलामोठा सूट फुकट देते. अट एकच, साफसफाई त्याने स्वतः करायची. काकांनी तिथे सिनेमा थांबवला. "गेली! हिची नोकरी गेली. रजिस्टरला खोली रिकामी, आत माणूस. इन्स्पेक्शनला सापडणार." पुढे दोघांचं सूत जुळायला लागलं, तेव्हा खोलीतले सगळे सुखावले. काका आणखी गंभीर झाले. "म्हणजे आता हितसंबंधही आले."

पण खरी मैफल जमली ती 'टिकेट टू पॅराडाइज'ला. जॉर्ज क्लूनी आणि ज्युलिया रॉबर्ट्स हे घटस्फोट घेतलेलं जोडपं. वकिलीची पदवी नुकतीच घेतलेली त्यांची मुलगी बालीला फिरायला जाते आणि समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या तरुणाशी लग्न ठरवते. ते मोडायला आईबाप धावतात. "लॉची फी कोणी भरली? कर्ज काढलं असेल तर हप्ता सुरू व्हायचाय अजून," काका म्हणाले. शेवाळाला मात्र त्यांनी लगेच नाकारलं नाही. खत नाही, पंप नाही, पाणीपट्टी नाही. तारण काय घ्यायचं, एवढीच अडचण.

कुणीतरी सांगितलं, की २०२२ च्या या सिनेमातली बाली खरी नाही, कोविडमुळे चित्रीकरण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला झालंय. काका असे उजळले, की काकूंनी वळून पाहिलं. "भेसळ! मला वाटलंच होतं." त्यांना काय वाटलं होतं आणि कशावरून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आईबापांच्या समेटाला मात्र त्यांचा पहिल्यापासून पाठिंबा. भांडतात तोवर दोन खोल्या लागतात. मिटलं तर एकीत भागेल. "उगीच दुप्पट भाडं," ते हळहळले. काकू इथे पहिल्यांदा बोलल्या. "अहो, गणपतीपुळ्याला तुम्ही घोरत होतात, तेव्हा मीपण दुसरी खोली मागणार होते."

"मग मागितली का नाहीस?"

"सीझनचा दर होता."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की आम्ही उठून जावं की काय, असं वाटलं. पण सिनेमा संपत आला होता. परतीच्या बोटीवर बसलेले क्लूनी आणि ज्युलिया एकमेकांचा हात धरतात आणि पुन्हा किनारा गाठायला सरळ पाण्यात उडी मारतात. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका खुर्चीतून अर्धे उठले.

"पासपोर्ट! अगं, पासपोर्ट खिशात असतील त्याच्या!"