बागायतदारांची वनयात्रा

मुंबईच्या मुलांना निसर्गाचे धडे देण्यासाठी सरकारने बोरिवलीचे शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान त्यांच्या दाराशी राखून ठेवले आहे. आमच्या माळेगाव बुद्रुकच्या मुलांच्या वाट्यास १९९७ साली जाहीर झालेले, सुप्याजवळचे अवघ्या ५.१४ चौरस किलोमीटरांचे मयूरेश्वर अभयारण्य येते. वन्यजीव सप्ताहात शाळेने सहलीचा फतवा काढला, त्यात भडक कपडे घालू नयेत अशी सक्त ताकीद होती, आणि शिस्तीच्या बंदोबस्तासाठी पालकांतर्फे माझी रवानगी झाली.

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुलुखात खेळू लागल्यापासून आमच्या तालुक्यात बागायती आणि जिरायती अशा दोन नव्या जाती निर्माण झाल्या असून, ‘पोरगी विहिरीत ढकलीन, पण जिरायतात देणार नाही,’ अशी प्रतिज्ञा करणारा उसाचा धनी त्याच जिरायती माळावर आपल्या मुलास टोपी, डबा आणि बसभाडे देऊन सृष्टिसौंदर्याच्या दर्शनार्थ पाठवितो, यात त्याला तिळमात्र विसंगती वाटत नाही.

वनरक्षक मोठे तळमळीचे गृहस्थ होते. चिंकारा पानांतल्या ओलाव्यावर कित्येक दिवस पाण्यावाचून काढतो, मादीलाही लहानशी शिंगे असतात, आणि भय वाटताच हा प्राणी पाय आपटून शिंकल्यासारखा आवाज काढतो, असे त्यांनी सांगितले मात्र, मागच्या रांगेतील चौघांनी तत्काळ शिंकून पाहिले. बाभळीआड आखूड काळी शेपटी एकसारखी हलवीत उभी असलेली मादी क्षणार्धात दिसेनाशी झाली, आणि उरलेले शिक्षण तिच्या लेंड्यांवर भागवावे लागले. त्याही, एका मुलीच्या अधिकृत मतानुसार, शेळीच्या होत्या.

गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, येथे पाणी खेळविले तर हे हरिण नामशेष होईल, हा विषय त्यांनी अर्धा तास रंगविला. त्यानंतर ‘शंका विचारा’ म्हणताच, पायजम्याची कुसळे वेचीत बसलेला एक चिरंजीव उठला. ‘साहेब, वर मोटर बसवून पाईपलाईन केली, तर इथं ऊस चांगला येईल की!’

गुरुजींनी डोळे वटारले. वनरक्षक मात्र, मुले बसकडे वळल्यावर, त्या चिरंजीवांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारते झाले, ‘बाळ, पाईपलाईनला अंदाजे खर्च किती येतो रे? आमचीही चार एकर जिरायतच आहे.’