नानांची तपासणी

साहेब निवृत्त होतो, त्याच्या अंगातली तपासणी होत नाही. नाना कुठल्या खात्यात होते ते सोसायटीत कुणालाच धड सांगता येत नाही, पण ते हिरव्या शाईने सही करायचे हे मात्र लहान पोरांनाही ठाऊक आहे. असे नाना रविवारी नातवाला घेऊन कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात जातात. नातू प्राणी बघायला जातो. नाना दौऱ्यावर जातात.

सुरुवात फलकापासून. सर्पोद्यान १९८६ सालचं, प्राणीसंग्रहालय १९९९ सालचं. नाना चष्मा कपाळावर सरकवतात. "म्हणजे तेरा वर्षं फाईल अडकली होती," हा पहिला शेरा. मग शुद्धलेखन. मग बाणाची दिशा. प्राणी अजून एकही दिसलेला नसतो, पण खिशातल्या छोट्या वहीचं एक पान भरलेलं असतं.

अस्वल झोपलेलं असतं. खडकाच्या सावलीत पाठमोरं, नुसता काळ्या केसांचा ढीग. नाना घड्याळ बघतात. साडेअकरा. "बुधवारी साप्ताहिक सुट्टी घेतात ना हे? मग रविवारी ही काय पद्धत?" शेजारचा प्राणीरक्षक नम्रपणे सांगतो, "काका, अस्वल रात्री हिंडतं." नाना दुखावतात, ते 'काका'मुळे. छत्तीस वर्षं 'साहेब' ऐकलेला कान आहे तो. "रात्रपाळी असेल तर तसं फलकावर लिहा," ते म्हणतात. या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं, हेही तो पोरगा सांगतो. नातू तोंडाचा चंबू करून लगेच ओढून बघतो. नाना एवढंच विचारतात, "दात पडलेत, मग सेवेत कसं?"

टाळ्या वाजवून प्राणी उठवणारे, शेंगदाणे फेकणारे, कुंपणावर पोर बसवून फोटो काढणारे लोक नानांना मुळीच खपत नाहीत. हा त्यांचा मोठाच गुण, आणि त्याबद्दल त्यांना सगळं माफ करावं असं मला वाटतं. वेफर्सची पुडी उघडणाऱ्या एका बापाला त्यांनी भर गर्दीत सुनावलं, "प्राणीसंग्रहालयात प्राण्याला खायला घालणं, चिडवणं, आरडाओरडा करणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कलम ३८ जे!" पुडी खिशात गेली. बापही गेला.

बिबट्यापाशी मात्र साहेब विरघळतात. प्राणीरक्षक सांगतो, जुन्नरकडे बिबट्याच्या माद्या उसातच वितात. तोडणीच्या वेळी कोयत्यासमोर पिल्लं निघतात. वनखात्याची माणसं पिल्लू जपून खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि रात्रभर आईची वाट बघतात. बहुतेकदा ती येऊन तोंडात धरून घेऊन जाते. नाही आली, तर पिल्लाला जन्मभर माणसाच्या भाकरीवर राहावं लागतं, कारण शिकार शिकवणारं कुणी उरत नाही. नाना गप्प उभे राहून हे सगळं ऐकतात. "म्हणजे अशा पिल्लाला अनुकंपा तत्त्वावर घ्यायला हवं," ते हळूच म्हणतात. वहीत काही लिहीत नाहीत.

जखमी आणि अनाथ प्राण्यांना ठेवतात तिथे प्रेक्षकांना सोडत नाहीत. नानांनी ओळखपत्र काढून पाहिलं. त्यावर 'ज्येष्ठ नागरिक' एवढंच होतं. तिथे कोणकोण येतं, असं नातवाने प्राणीरक्षकाला विचारलं. पतंगाच्या मांज्यात अडकलेल्या घारी येतात, तो म्हणाला, भरभराट होते म्हणून लोकांनी टाकीत ठेवलेली चांदणी कासवं येतात, पिंजऱ्यातले पोपट येतात.

"आमच्याकडे पण आहे पोपट!" नातू उड्या मारत म्हणाला. "मिठू! आजोबांनीच आणला!"

कलम ३८ जे तोंडपाठ असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग तेव्हा बघण्यासारखा होता. "तो... तो प्रतिनियुक्तीवर आहे आमच्याकडे," नाना कसंबसं म्हणाले आणि नातवाला मगरीकडे ओढत घेऊन गेले. मगरही हलत नव्हती. त्यांनी तिला काहीही विचारलं नाही.

लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला आपला देशी पोपट घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या गॅलरीत असा मिठू असेल तर दार उघडून त्याला उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला उडायचा सराव नसतो, कावळे आणि मांजरं टपलेली असतात. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तिथे फोन करा.