चमचा कुठे ठेवायचा?

एम्डेन, जर्मनी
२ नोव्हेंबर

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

निघताना तुम्ही डोळे पुसत विचारलं होतं, "तिकडे धड चहा तरी मिळेल ना गं?" आई, काळजी वाया गेली. बाकी जर्मनी कॉफीवाली असेल, पण हा वायव्येचा ओस्टफ्रीसलंड नावाचा कोपरा पक्का चहाबाज आहे. माणशी वर्षाला सुमारे ३०० लिटर! म्हणजे रोज पाऊण लिटरच्या वर, तान्ही बाळं धरून. अठराव्या शतकात प्रशियाच्या फ्रेडरिक राजानं यांचा चहा सोडवायचा घाट घातला होता. शेवटी राजाच थकला. तेव्हा बाबांना दोन कपांवर आणायचा नाद तुम्हीही सोडा.

शेजारी ऐंशीच्या आजीबाई राहतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चहाला बोलावलं. कप इतका पातळ की धरायची भीती. तळाशी खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर कढत कोरा चहा, खडा तडतडतो. मग चमच्यानं कडेकडेनं साय सोडायची, की खालून ढग वर येतो. आणि ढवळायचं नाही! आधी साय, मग कडवट, शेवटी गोड, असं उतरत जायचं. २०१६ मध्ये जर्मनीनं या सोहळ्याची आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. तो वारसा तुमच्या चिरंजीवांनी खळाखळा ढवळला. आजीबाईंनी शांतपणे खिडकीबाहेर बघितलं.

तीन कप हा इथला हक्क. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, ही खूण. आम्हाला कुठली ठाऊक! चमचे बशीत, आणि वाढणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं हे तुमचे संस्कार. सातव्या कपाला ह्यांचा चेहरा लग्नात जिलबीचा आग्रह झालेल्या व्याह्यासारखा झाला होता.

निघताना आजीबाईंनी चहाचा पुडा दिला. बघते तर आत बहुतेक आसामचीच पत्ती! म्हणजे सख्ख्या बहिणी. एक इथे दिली, तिच्यावर गरम पाणी ओततानाही जपतात. दुसरी आपल्याकडे दिली, तिला ठेचलेल्या आल्याबरोबर रटारटा उकळतात. (सुनेनं सासूला लिहिताना हा दाखला द्यायला नको होता, पण सुचला.)

मग परतफेड म्हणून आम्ही त्यांना बोलावलं. आधण ह्यांनी ठेवलं आणि आलं थेट कोमट दुधात टाकलं. दूध फाटलं. तुम्ही इतकी वर्षं सांगताय, आलं आधी पाण्यात खळखळू द्या, म्हणजे दूध फाडायचा त्याचा जोर जातो. ऐकतंय कोण? नासलेल्या दुधाचं पनीर झालं, चहा मी केला. गवती चहाचं मात्र दुःख आहे. दुकानात त्याचे नुसते पांढरे दांडे मिळतात, हिरवी पात कापून टाकलेली. लग्नातून नवरी वगळून मांडव आणल्यासारखं!

आजीबाई स्वयंपाकघरात आल्या, पातेल्यात पत्ती उकळताना बघितली आणि छातीवर हात ठेवला. पण वेलची-सुंठीचा वास सुटल्यावर खुर्ची ओढून बसल्या. पहिला कप संपवला, दुसराही. तिसऱ्यानंतर टेबलावर काहीतरी शोधू लागल्या. मला वाटलं, बिस्किटं हवीत. दिली. चौथा कप ओतला. पुन्हा शोधाशोध. शेवटी त्यांनी लांबट बिस्किट कपात उभं करून ठेवलं. तुमच्या चिरंजीवांना भरून आलं. "बघ, बुडवून खायला शिकल्या!" म्हणत त्यांनी पाचवा ओतला. आपला चहा साखर ढवळूनच येतो, चमचा कुणी ठेवलाच नव्हता, हे रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं.

मार्चमध्ये याल तेव्हा मामरी चहा दोन किलो, सुंठ, जायफळ, वेलची आणि गवती चहा वाळवून आणा. मसाला घरचाच कुटा, तयार नको. बाबांना नमस्कार, धाकटी रोज फोटोतल्या मोत्याला हाक मारते.

तुमची सून

ता. क. आज आजीबाई पुन्हा आल्या होत्या. आलं किती घालायचं ते विचारायला. येताना स्वतःचा चमचा घेऊन आल्या.