इंग्लंडहून आलेला भाऊबंद

अनोळखी माणूस दिवेलागणीनंतर दारात उभा राहिला, की आमच्याकडे आधी त्याचं आडनाव विचारतात, मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही अमक्यांचे कोण?’ तोवर चहाचं आधण ठेवत नाहीत. ‘डार्क शॅडोज’मधल्या कॉलिन्स घराण्यात ही पद्धत असती, तर ती मालिका एवढी चाललीच नसती.

मी म्हणतेय तो २११वा भाग, अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर एप्रिल १९६७ मध्ये दाखवलेला, कृष्णधवल. आदल्या भागात विली लूमिस नावाचा भुरटा दागिन्यांच्या आशेने कॉलिन्सांच्या दफनघरात शिरतो, साखळदंड घातलेली शवपेटी उघडतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. इतकं झाल्यावर पुढे धावपळ, आरडाओरडा काहीतरी असेल ना? छे! भागभर माणसं आपली विली दिसत नाही बुवा कुठे, याचीच चर्चा करतात. रोजच्या मालिकेचा हा धर्मच आहे. आमच्या ‘रात्रीस खेळ चाले’वाल्या नाईकांनीही तो इमानेइतबारे पाळला.

मग अगदी शेवटी दार वाजतं. दारात उंचापुरा गृहस्थ. हातात काठी, तिला लांडग्याच्या तोंडाची मूठ. अदब अशी, की कामवाल्या बाईशीही टोपी काढून बोलतो. इंग्लंडहून आलेला मालकीणबाईंचा चुलतभाऊ म्हणे, बार्नाबस कॉलिन्स. खरा तर शवपेटीतला तो हात याचाच, हा व्हॅम्पायर. शेजारी भिंतीवर पूर्वज बार्नाबसचं तैलचित्र आहे. कपड्यांची तऱ्हा जुनी, बाकी कपाळावरच्या बटांपासून बोटातल्या अंगठीपर्यंत हाच. यावर घरच्यांचं मत काय, तर घराण्याचं वळण किती उतरलंय! बाळाला बघून ‘अगदी पणजोबांचं नाक’ म्हणणाऱ्या आत्याबाई कॉलिन्सांच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरही असतात म्हणायच्या.

पण घरच्यांना तरी काय बोलावं? मालकीणबाई एलिझाबेथ, म्हणजे सिनेमात नाव काढलेली जोन बेनेट, अठरा वर्षं वाड्याबाहेर पडलेली नाही. अशा घरात पाहुणा फक्त सूर्यास्तानंतर येतो, हे कुणाच्या डोळ्यांत खुपणार?

मला बार्नाबसची भीती वाटली नाही. कणव आली, आणि तिचं श्रेय जोनाथन फ्रिडच्या पाठांतराला द्यायला हवं. फ्रिड मूळचा कॅनडाचा, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला. पण रोज नवा भाग पाठ करायचा म्हणजे त्याची तारांबळ उडे. चित्रण जवळजवळ सलग होई. फीत कापून जोडणं महागाचं, म्हणून चुकलेलंही तसंच प्रसारित होई. त्यामुळे या मालिकेत भिंतीवर माइकची सावली सरकते, सेटवरची माशी नटाच्या कपाळावर बसते आणि तो बिचारा गंभीर चेहऱ्याने शापाबद्दल बोलत राहतो. फ्रिडचं वाक्य अडलं, की त्याची नजर हळूच कॅमेऱ्याच्या बाजूला, लिहिलेल्या संवादाकडे जाते. क्षणभर चेहरा पार कावराबावरा. आणि गंमत म्हणजे ते शोभतं! पावणेदोनशे वर्षं पेटीत पडून राहिलेला माणूस चारचौघांत बोलताना अडखळणार नाही तर काय करील? रोजच्या मालिकांत सराईत झालेला नट घेतला असता, तर हा व्हॅम्पायर नुसता खलनायक झाला असता. हा मात्र लग्नघरी कुणीच ओळखीचं नसलेल्या पाहुण्यासारखा अवघडून उभा राहतो, आणि आपल्याला वाटतं, अहो, बसायला तरी सांगा त्यांना.

ते घरच्यांनी सांगितलं. पुढे आवारातलं पडकं जुनं घरही राहायला दिलं. खरं म्हणजे प्रेक्षक हातचे जात होते म्हणून निर्माता डॅन कर्टिसने हे पात्र थोड्या आठवड्यांपुरतं आणलं होतं. काम झालं की छातीत खुंटी ठोकून रवानगी करायची, असा बेत. पण शाळा सुटल्या सुटल्या पोरं बार्नाबससाठी घराकडे धावू लागली. मालिका एप्रिल १९७१ मध्ये, १२२५ भागांवर संपली. तोवर फ्रिडचा मुक्काम काही हलला नाही, आणि इंग्लंडात नेमके कुठले, हे कुणी धड विचारलंही नाही.