कार्डाच्या श्रेणीनिर्णयासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

ज्या गृहस्थाच्या संग्रही १९९९ सालच्या पोकेमॉन खेळाच्या कार्डसंचातील पहिल्या आवृत्तीचे चारिझार्ड हे कार्ड आहे, आणि ज्याचे ते नुसते न्याहाळून समाधान होत नाही, त्याने ते अमेरिकेतील, कार्डांना श्रेणी देणाऱ्या पीएसए नामक संस्थेकडे रुजू करावे. कारण आपले कार्ड उत्तम आहे हे आपल्या डोळ्यांस दिसणे ही निव्वळ खाजगी बाब असून, परक्या माणसाने फी घेऊन तसा शेरा मारला, म्हणजेच त्या उत्तमपणास बाजारात मोल येते.

अर्जापूर्वी कार्डाची रुजुवात घरीच, भिंग घेऊन, तिरप्या उजेडात करावी. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचे मध्यस्थान या चार बाबी तपासून एक ते दहांपैकी श्रेणी ठरते. समास विषम निघाल्यास कापणाऱ्या यंत्राच्या चुकीची शिक्षा निरपराध मालकास भोगावी लागते, व त्याबाबत कारखान्यावर फिर्याद चालत नाही. कोपऱ्यांवर पांढुरकी झीज आढळली, तर ते कार्ड कोणा बालकाने प्रत्यक्ष खेळावयास घेतले असावे असा संशय उत्पन्न होतो. आणि खेळाच्या वस्तूने खेळात भाग घेणे हा या शास्त्रात मोठाच प्रमाद होय.

त्याहून मोठा गुन्हा एकच : कडा कातरून कार्ड नीटस करणे. अशा कार्डास श्रेणी मिळत नाही, असा नियम आहे. मात्र १९९१ साली याच संस्थेने ज्या कार्डास आपला पहिला दाखला दिला, ते १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या मालिकेतील, होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे कार्ड होते. त्यास आठची श्रेणी मिळाली, २००७ साली ते अठ्ठावीस लाख डॉलरांस विकले गेले, आणि ते आपणच कातरले होते, अशी कबुली बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ साली न्यायालयात दिली. अर्जदाराने हे उदाहरण आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवू नये, एवढेच सांगून मी थांबतो.

पुढचे काम सोपे आहे. कार्ड पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, ते पाकीट अर्धकठीण वेष्टनात, आणि अशी वेष्टने पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून रबर लावावे. लावताना कोपरा दुमडला, तर पुढील मजकूर वाचण्याचे कारण उरत नाही.

अर्जातील खरा कसोटीचा रकाना ‘घोषित किंमत’ हा होय. फी या किमतीवर ठरते, म्हणून विनयशील माणूस ती कमी लिहितो. परंतु श्रेणी अपेक्षेहून उंच लागून कार्डाची किंमत वाढली, की संस्था फीचा फरक वसूल करते. म्हणजे निर्णय देणारीही तीच आणि निर्णय चांगला लागल्यास जादा आकार घेणारीही तीच. आमच्या जुन्या कचेऱ्यांतील कारकुनांस ही युक्ती सुचली नाही, याचे मला आजवर नवल वाटते.

मुदतीविषयी तगादा लावू नये. मार्च २०२१ मध्ये कार्डांचा एवढा ढीग साचला, की स्वस्त दरांचे अर्ज घेणेच संस्थेने थांबविले होते. यथावकाश कार्ड पारदर्शक, मोहोरबंद पेटीत परत येईल. पेटी फोडताच दाखला बाद होतो. सबब ज्यांच्या घरी खेळणारी मुले आहेत त्यांनी झिजलेल्या कोपऱ्यांचे दुसरे कार्ड घ्यावे, ते पुष्कळच स्वस्त मिळते.