कव्हराखालची मर्सिडीज

"काय ओ मास्तर, वास यायलाय का तुमच्याकडं?"

"कसला?"

"पेट्रोलचा."

आमच्या आणि अण्णांच्या घरामधलं कंपाउंड छातीएवढं आहे. सकाळी त्यावर वहिनींचं पापडाचं ताट असतं, दुपारी मांजर आणि संध्याकाळी माझी कोपरं. सातरस्त्याच्या सातही रस्त्यांचा धूर आमच्या अंगणात मुक्कामाला येतो. त्यात एका गाडीचा वास वेगळा काय ओळखायचा? तरी नाक पुढं केलं. येत होता.

"मग नळी गेली," असं म्हणून अण्णांनी कव्हर ओढलं आणि बॉनेट उघडलं. या गाडीचं बॉनेट भिंतीसारखं सरळ उभं राहतं, मिस्त्रीला वाकून डोकं आपटायला नको म्हणून. अण्णा आत शिरले. पुढचं सगळं बोलणं मी त्यांच्या पाठीशी केलं.

"रबर बघा, दाबलं की भेगा. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतंय. नव्या गाड्यांना चालतं. हिच्या जन्माच्या वेळी हे कुठं होतं? ते रबर फुगवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी उभी राहिली की अजून वाईट."

"आणि इथेनॉल येतं कुठून अण्णा?"

"उसातनं."

अण्णांचा मोहोळकडे पाच एकर ऊस आहे. म्हणजे अण्णांचाच ऊस कारखान्यात जातो, तिथून पंपावर, पंपावरून अण्णांच्याच टाकीत, आणि अण्णांचीच नळी खातो. मी हा हिशोब मोठ्यानं मांडला. बॉनेटखालून उत्तर आलं नाही.

उत्तर आलं स्वयंपाकघराच्या खिडकीतून. "मास्तर, हिशोब मला विचारा. वही आहे माझ्याकडं. हे म्हणाले होते, स्कूटरच्या भावात मर्सिडीज मिळाली!"

"दीड लाखाला," अण्णा आतून म्हणाले.

"दीड लाखाची कुठली ओ स्कूटर?"

"विजेवरची येती तेवढ्याला."

ही ई-220. पुण्याच्या एका डॉक्टरांनी 1996 साली घेतलेली, अण्णा तिचे तिसरे मालक. परदेशातून पेटीत बसून आलेली गाडी नव्हे ही. 1994 मध्ये मर्सिडीजनं टेल्कोबरोबर भारतात कंपनी काढली आणि 1995 पासून टेल्कोच्या पुण्याजवळच्या चिखलीच्या आवारात ही गाडी जोडायला सुरुवात केली. गंमत अशी की त्याच वर्षी जर्मनीत हिची पुढची पिढी बाजारात आली होती. आपल्याकडे नवं म्हणून आलं ते तिकडचं जुनं. पण जुनं म्हणजे काय जुनं! दार लावलं की गोदरेजच्या कपाटासारखा आवाज येतो. वायपर एकच, पण तो काचेवरून फिरताना लांब होऊन कोपऱ्यात पोचतो आणि परत आखडतो. काचेचा 86 टक्के भाग एकटा पुसतो. सोलापुरात पाऊस तो किती? त्यामुळे गल्लीतली पोरं आली की अण्णा काचेवर पाणी ओततात आणि वायपर चालवून दाखवतात.

"नळाला पाणी पाच दिवसांनी," खिडकी म्हणाली, "आणि ह्यांचा वायपरचा खेळ दोन बादल्यांचा!"

"बोअरचं असतंय ते."

"बोअरचंच रेडिएटरमध्ये घातलं होतं ना मागं?"

हे वर्मावर बसलं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. डॉक्टरसाहेब कूलंट घालायचे, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. अण्णांनी पहिल्याच उन्हाळ्यात घाईत पाईप लावला. रेडिएटरच्या जाळीत क्षार बसले, आणि सातरस्त्याच्या सिग्नलला, एका बाजूनं बस अन् दुसऱ्या बाजूनं उसाची ट्रॉली असताना, काटा लाल रेघेला टेकला. अण्णा हीटर पूर्ण चालू करून काचा खाली करून बसले. इंजिनची उष्णता आत ओढायचा तो जुना उपाय खराच आहे. बाहेर 43 अंश. आत किती, ते वहिनींना विचारू नये.

नंतर एसी गेला. गॅस भरला, पंधरा दिवसांत उडाला. पुन्हा भरला, पुन्हा उडाला. शेवटी मिस्त्रीनं निदान केलं, कूलिंग कॉइल गळतीय. कॉइल एवढीशी, पण बसवलीय डॅशबोर्डच्या पोटात. सगळा डॅशबोर्ड उतरवायचा, लाकडी पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावायची. मजुरी कॉइलच्या वर गेली. चार दिवसांनी सगळं परत चढलं आणि तीन स्क्रू उरले. ते अण्णांनी काडेपेटीत जपून ठेवलेत.

"मास्तर, एक सांगा," वहिनी आता ओले हात पुसत अंगणातच आल्या. "गाडीची किंमत उतरली, हे खरं. सामानाची कुणी उतरवली?"

जुन्या भारी गाडीचं सगळं अर्थशास्त्र या वाक्यात आहे. बाजारात गाडी दीड लाखाची होते, पण तिचा ब्रेक, तिची कॉइल, तिचे इंजिन फाउंडेशन त्या गाडीचेच राहतात, जिची किंमत एके काळी बंगल्याशी तोलली जायची. अण्णा पुण्याला नाना पेठेत फोन करतात, तिथं नसलं तर मुंबईला ऑपेरा हाउसला. माल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पहाटे उतरतो आणि अण्णा मफलर बांधून तो घ्यायला जातात. जावई आले तेव्हा रिक्षानं आले होते, असं वहिनी म्हणतात.

काही गोष्टी मात्र इथंच होतात. गिअरच्या दांडीचा एक बुश कुठंच मिळेना. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे भाग करणारा एक लेथवाला आहे, त्यानं नायलॉनचा कातून दिला. शंभर रुपये. "चादरीच्या मागाला दिवसरात्र टिकतोय, तुमच्या गाडीला काय धाड भरलीय?" असं म्हणाला. तीन वर्षं झाली, बुश तसाच आहे.

"आणि पासिंग?" मी विचारलं.

अण्णा बाहेर आले. कपाळाला ग्रीस. "तेच की ओ. पंधरा वर्षं झाली 2011 ला. मग दर पाच वर्षांनी. आता 2026, परत आलं. वीस वर्षांवरच्या कारला फीच दहा हजार करून सोडले. पर्यावरण कर वेगळा."

"विका मग."

"कुणाला? भंगारवाला वजनावर घेतो म्हणतोय. मास्तर, वालचंद हिराचंद ह्याच सोलापुरात जन्मले. 1882 ला. त्यांनी प्रीमियर काढली 1944 ला, गोऱ्यांचं राज्य असताना. अन् त्यांच्या गावात राहून मी मोटार वजनावर घालू?"

वालचंदांना मध्ये आणलं की अण्णांपुढं बोलायची सोय उरत नाही. मी विषय बदलला आणि कंपाउंडवरून वाकून पुढचं टायर बघितलं. नक्षी अगदी कोरी. बाजूला चार आकडे कोरलेले होते, 1417. म्हणजे 2017 चा चौदावा आठवडा.

"अण्णा, नऊ वर्षांची टायरं आहेत ही."

"नक्षी बघा की, नवीकोरी!"

"कारण गाडी हललीच नाही."

माझं म्हणणं मी अण्णांना गेली दोन वर्षं सांगतोय. ही गाडी पळून बिघडली नाही, उभी राहून बिघडली. कव्हराखाली बॅटरी उतरते, ब्रेकच्या थाळ्यांना गंज चढतो, सील वाळतात, एसी चालू न केल्यानं त्याची रबरं आखडतात आणि उंदीर वायरींवर जेवतात. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एकदा, कुणाच्या लग्नात नवरदेवाला एकदा, दसऱ्याला हार घालून एकदा, एवढीच ती बाहेर पडते. खर्च होईल म्हणून अण्णा तिला काढत नाहीत आणि काढत नाहीत म्हणून खर्च होतो. अण्णा हे ऐकून घेतात आणि कव्हर झटकून परत घालतात.

या वेळी मात्र वहिनीच म्हणाल्या, "मास्तर म्हणतात ते करून तरी बघा. एवढा पैसा घातलाय, मला बसायला तरी मिळू दे."

रविवारी सकाळी सहाला अक्कलकोटला जाऊन यायचं ठरलंय. पेट्रोलची नळी बदलली, मी स्वतः बघितली. टायरं अजून 2017 चीच आहेत, म्हणून साठच्या वर न्यायची नाही, अशी वहिनींची अट आहे.