बुडबुडा आणि आवर्तन

१९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेममधली २-२ ही लेव्हल जवळजवळ अख्खी पाण्याखाली. मारिओ टोपीसकट आत उतरतो. त्याचा श्वास संपत नाही, संपतो तो वेळ. शत्रूच्या डोक्यावर उडी मारायची सोय मात्र बंद. बटण दाबत हातपाय मारायचे आणि तळातल्या खड्ड्यांकडे ओढणाऱ्या पाण्यापासून अंग चोरायचं.

१९९१च्या गेममधला सॉनिक जास्त प्रामाणिक. त्याला पोहताच येत नाही. वेळेत बुडबुडा गिळला नाही, की उलटी मोजणी सुरू.

श्रीगोंद्यात ही मोजणी पाण्याखाली नव्हे, पाण्याआधी चालते. तालुका पर्जन्यछायेतला. कुकडी कालव्याचं आवर्तन सुटलं, तरी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी पोहोचेपर्यंत ऊस माना टाकतो. बाप पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरतो, पोरगा बांधावर मारिओला पुन्हा पाण्यात सोडतो. तिकडे ना अर्ज, ना पाणीपट्टी.